बाबा, कात्री शोधू नका

बाबा,

मोठी कात्री मी घेऊन चाललेय. आरडाओरडा करायचाय तो भेटल्यावर करा.

अंगठ्यावरचं प्लास्टर म्हणे आपोआप फाटलं! आपोआप फाटलेलं एवढं सरळ फाटतं होय? कडेला अजून तुम्ही कापायला घेतलेल्या त्या कोटाचे निळे धागे चिकटलेत. शिंप्याच्या पोरीला शेंड्या लावू नका.

डॉक्टरीणबाईंना मीच जाऊन विचारलं. मनगटातलं ते मोडलेलं हाड अंगठ्याच्या खाली आहे, काजूएवढं. त्याला रक्त कमी पोचतं, म्हणून सांधायला वेळ लागतो. पहिल्या एक्स-रेत ते दिसलंच नव्हतं, आणि आपण दोन आठवडे मुरगळलं म्हणून चोळत बसलो. आता अंगठा हलवलात तर ते जुळणार नाही, मग जन्मात कात्री धरता येणार नाही.

मी दवाखान्यात नंबर लावायला गेलेय. दहाला या, नवीन प्लास्टर घालायचंय.

कोट मी कापते. तुम्ही डाव्या हाताने खडूच्या खुणा करा आणि तोंडाने शिव्या घाला.

तुम्ही दाराजवळ स्टुलावर चढला होतात, ते मला दिसलं होतं. तरी मी रागाने दार आपटलं, आणि तुम्ही हातावर पडलात. आईला तुम्ही पाय घसरला म्हणून सांगितलंत. आज तिला खरं मी सांगणार आहे. मधे पडू नका.