प्रोग्रॅम पडतानाची नोंद

९ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण भरतकामाच्या खोलीत येणं काही ते सोडत नाहीत. दोन्ही मशिनं तू लिहिलेल्या प्रोग्रॅमवरच चालतात. तो अजून मधेच बंद पडतो. म्हणजे परवापर्यंत पडत होता.

हसू नकोस, प्रोग्रॅम का पडला ते शोधून देणारं विनडीबग मी शिकले! फुकट मिळतं, म्हटलं बघू तरी. प्रोग्रॅम प्रत्येक वेळी पडताना त्या क्षणाची नोंद, एक डंप फाइल, लिहून ठेवतो, हे मला माहीतच नव्हतं. दोनशे बारा साठल्या होत्या. एक उघडली आणि थक्क झाले रे. त्या क्षणी प्रोग्रॅमच्या आत कुठल्या कामाने कुठल्या कामाला हाक मारली, सगळं ओळीवर ओळ! खालून वर वाचत गेले. 'रंग निवड', 'टाके मोज', 'फाइल उघड', सगळी तू ठेवलेली नावं. एवढं सगळं आत चालतं आणि आम्ही नुसतं बटण दाबतो.

विनडीबगने ज्या ओळीवर बोट ठेवलं, ती मात्र तुझी नव्हतीच. फोल्डरमध्ये डिझाइनचं छोटं चित्र दिसावं म्हणून कोणीतरी कॉम्प्युटरवर टाकलेल्या दुसऱ्याच एका फुकट प्रोग्रॅमचं लचांड होतं. फाइल उघडायला गेलं की ते आत घुसायचं आणि तुझ्या प्रोग्रॅमला घेऊन पडायचं.

कोणीतरी काय म्हणतेय! मीच टाकलं होतं.

तू तीनदा विचारलंस, "ताई, नवीन काही टाकलंस का?" तिन्हीदा मी नाही म्हटलं. पहिल्यांदा खरंच आठवलं नव्हतं. नंतर आठवलं होतं. बाबा सगळ्या कारागिरांसमोर तुला अर्धवट म्हणाले, तू बॅग भरलीस, आणि मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले. दोन वर्षं झाली.

काल ते लचांड काढलं आणि त्याच कारागिरांसमोर बाबांना सगळं सांगितलं. ते मशीनची सुई बदलत होते. "पोराला उगाच..." एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "त्याला फोन लावून दे." मी म्हटलं, आधी माझं पत्र पोचू दे.

एक राहिलं. विनडीबगने दाखवलेल्या त्या ओळीच्याही वर आणखी एक ओळ होती. पडता पडता तुझा प्रोग्रॅम शेवटचं जे काम करतो, त्याचं नाव तू ठेवलंयस 'ताईचं डिझाइन वाचव'. माझं काम कधीच कसं बुडत नाही, याचं मला नवल वाटायचं. मी समजायचे, माझं नशीब चांगलं.

थोरल्यांनी धाकट्यांची माफी मागू नये म्हणतात. मी मागते. बाबांचा फोन उचल.

तुझ्याशी दोनदा खोटं बोललेली,
ताई