डाळिंबांचा हार

११ जुलै

आली एकदाची!

सकाळची दोन पोरं उद्यावर ढकलली आणि क्लासच्या गाडीतच बसून मोबाईलवर अख्खा व्हिडिओ बघितला. मग परत बघितला. इंग्लंडातला कुठलातरी छोटा कारखाना, शंभरच गाड्या काढणार. वजन नऊशे साठ किलो – माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मी आणि एखादा भरल्या अंगाचा शिकाऊ बसला की तेवढं भरतं. आणि इंजिन तिच्या दहापट ताकदीचं. गिअर हाताने टाकायचे. पायाशी तीन पेडल. समोर टीव्हीसारखा पडदा नाही, गालिचा नाही, मागे सीट नाही. बनवणारा म्हातारा म्हणतो, चालवणाऱ्याला जे लागत नाही ते आम्ही काढून टाकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू.

ग्रुपवर टाकलं. 'बारामती-इंदापूर गाडीवाले' – सगळे मिळून शंभर-सव्वाशे रिकामटेकडे. पहिला बोलला गोकुळ. त्याचं इंदापुरात सीट कव्हरचं दुकान आहे, म्हणून तो स्वतःला गाड्यांतला जाणकार समजतो. "एवढ्या पैशात टचस्क्रीन न्हाय? आमच्या पिकअपला हाय." दुसऱ्याने विचारलं, पोरं कुठं बसवायची. लोणी देवकरच्या कंपनीत एक इंजिनिअर आहे, त्याच्याकडून तरी अपेक्षा होती. तो म्हणाला, "आपल्या स्पीडब्रेकरवर पोट घासंल." हे मात्र खरं आहे.

मी मोठं उत्तर लिहिलं. हलकेपणा म्हणजे काय, वळणावर हाताला काय कळतं, पडदा नसला की लक्ष कसं रस्त्यावर राहतं. लगेच पंधरा अंगठे आले. वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा गेला नव्हता.

१२ जुलै

गोकुळ विचारतो, "काका, ॲव्हरेज किती देती?" उत्तर दिलं नाही.

२६ जुलै

अनिता म्हणाली, "ती गाडी काय आपल्या दारात येणार हाय का? जेवा आधी, भाकरी गार झाली."

हिला काय सांगू. सकाळी सहापासून मी डाव्या सीटवर बसलेला असतो. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, माझ्या पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक, वेग वीस. दिवसभर माझे पाय दुसऱ्यांच्या चुकांची वाट बघतात. निम्मी बारामती माझ्या हाताखालून गेली. डॉक्टर गेले, नगरसेवक गेले. रस्त्यात भेटले की लांबूनच हॉर्न वाजवतात, थांबत कुणी नाही. गाड्यांबद्दल या दोन तालुक्यांत मला कळतं तेवढं कुणाला कळत नाही. हे मी वहीतच लिहू शकतो, कारण बाहेर म्हटलं तर लोक हसतील.

३ ऑगस्ट

राजवर्धनने ती गाडी बुक केली. ती! आपल्या बारामतीत!

आबासाहेबांचा धाकटा. कऱ्हाटीला त्यांच्या डाळिंबाच्या बागा, इकडे कोल्ड स्टोरेज, माल थेट परदेशात जातो. अठरा वर्षांचा असताना माझ्याकडे शिकायला आला तेव्हा स्टिअरिंग धरायचं म्हटलं की तळहाताला घाम सुटायचा. बाकीचे वीस दिवसांत शिकतात, याला मी चार महिने धीराने शिकवलं. एकदासुद्धा आवाज चढवला नाही.

आज क्लासवर येऊन पाया पडला. "काका, गाड्यांचा नाद तुमच्यामुळं लागला. गाडी आली की पहिली राउंड तुमी मारायची. मग मी."

घरी सांगितलं तर अनिता म्हणते, "बोलायला काय जातंय त्याचं."

९ ऑगस्ट

ग्रुप एका रात्रीत फिरला. आता सगळ्यांना ती गाडी आधीपासून आवडत होती म्हणे. गोकुळ लिहितो, "पडदा नसला की लक्ष रस्त्यावर राहतं. खरी गाडी हाताला कळती." माझं वाक्य. मी महिन्यापूर्वी लिहिलेलं. त्याला सत्तर अंगठे, वर राजवर्धनचा बदाम.

२१ सप्टेंबर

पातळ तळव्याचे बूट आणले. त्या गाडीची पेडल जवळजवळ आहेत, जाड बुटाने दोन दाबली जातील. अनिताला म्हणालो, चालायला आणलेत. तिने बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भाजी निवडायला बसली.

१४ डिसेंबर

पुण्याचा कुणी एक रीलवाला पोरगा राजवर्धनची मुलाखत घेऊन गेला. राजवर्धन डाळिंबाच्या झाडाला टेकून उभा, डोळ्याला गॉगल. रीलवाला विचारतो, "एवढी अवघड गाडी, सगळं हाताने – शिकवलं कुणी?"

हा हसला. "शिकवायचं काय त्यात? शेतकऱ्याचं पोरगं हाय. ट्रॅक्टरवर आपोआप शिकलो."

आपोआप!

भिगवण रस्त्याच्या चढाला गाडी मागे सरकायला लागली की हा दोन्ही पाय वर घ्यायचा. खाली माझे पाय होते म्हणून मागचा दूधवाला घरी पोचला. आपोआप म्हणे. माझं नाव घेतलं असतं तर ट्रॅक्टरची काय अब्रू जाणार होती?

अनिताला रील दाखवली नाही. संध्याकाळी तिने शेजारणीच्या मोबाईलवर बघितलीच. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च

गाडी पुण्यात आली. पाडव्याला बारामतीत येणार. आज कोल्ड स्टोरेजवर स्वागताची बैठक झाली. हलगी ठरली, फटाके ठरले आणि क्रेनने हार ठरला. फुलांचा नाही. डाळिंबांचा. कल्पना अर्थात गोकुळची. "पुढारी आला की सफरचंदाचा घालत्यात. आपल्या बागंत डाळिंब असताना सफरचंद कशाला?"

आबासाहेब खूष. "तीन क्विंटल तरी लागू द्या. लांबनं दिसला पायजे."

मी एवढंच म्हणालो, गाडी फार नाजूक आहे. आबासाहेब म्हणाले, "हार काय तिच्या गळ्यात घालायचाय व्हय, कुंडलिकराव? वरच्यावर धरायचा, फोटो काढायचा, उचलायचा." सगळे हसले. राजवर्धन बाहेर फोनवर बोलत होता. पहिल्या राउंडचं कुणी काढलं नाही, मीही नाही.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं – पुढचं झाकण कार्बनचं आहे, वहीच्या पुठ्ठ्याएवढं जाड, त्यावर हातसुद्धा टेकवू नका असं कंपनीच सांगते. त्याच्या खाली गोकुळने हलगीवाल्यांचा फोटो टाकला. मग सगळे फोटोवरच बोलत राहिले.

१७ मार्च

गाडी आणायला राजवर्धन आणि तो रीलवाला जाणार. सीटच दोन आहेत. मला गोकुळचा निरोप – "काका, तुमी क्रेनपाशी थांबा. तितं जरा जाणतं माणूस पायजे."

बूट आज नेहमीच्या चपलांबरोबर खाली ठेवले.

१९ मार्च, गुढीपाडवा

आवाज आधी आला. जन्मात असा आवाज ऐकला नव्हता, छातीत घुमला. मग ती वळणावर दिसली – पांढरी, बुटकी, माझ्या कमरेलाही लागणार नाही एवढी. गर्दीत दोनदा बंद पडली. क्लच घाईने सोडतो, अजूनही. लोकांना वाटलं, मुद्दाम थांबवतोय. टाळ्या पडल्या.

झालं ते असं. हार क्रेनला टांगलेला होता. राजवर्धनने गाडी हाराखाली आणून थांबवली. रीलवाला उतरून समोरून शूटिंग करायला लागला. गोकुळ ओरडत होता, "अजून खाली घ्या, फ्रेममधी येत न्हाय!" क्रेनवाला महिपती घेत गेला. हलगीत त्याला एवढंच ऐकू येत होतं, थांब म्हणणारं काही नाही. हार झाकणाला टेकला. पापड मोडावा तसा आवाज झाला. झाकण मधोमध गेलं, मग उजवा दिवा आत गेला. महिपतीने घाबरून झटक्यात वर घेतलं तर दोर तुटला आणि सगळी डाळिंबं काचेवरून, टपावरून घरंगळत रस्ताभर झाली.

लोक वेचायला लागले. एक बाई ओच्यात भरून घेत होती. हलगी वाजतच होती, कारण थांबा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. राजवर्धन आत स्टिअरिंग धरून बसून राहिला. आबासाहेबांनी दार उघडून हाताला धरून त्याला बाहेर काढलं.

मी क्रेनच्या बाजूला होतो. माझा काही संबंध आला नाही.

२० मार्च

ग्रुपचा निकाल लागला – गाडीच फालतू. "डाळिंबानं फुटती ती कसली गाडी." "आमच्या पिकअपवर नारळ फोडला, साधा ओरखडा न्हाय." गोकुळ म्हणतो, "टचस्क्रीन न्हाय तवाच मी वळखलं होतं." काल ज्यांनी फेटे बांधले होते त्यांनी आज डाळिंबाची चित्रं टाकली. शंभर जणांत एकालाही त्या गाडीचं वाईट वाटलं नाही. त्या म्हाताऱ्याने एकेक ग्रॅम काढून टाकायला किती वर्षं घालवली असतील!

आठ मार्चचं ग्रुपवरचं माझं कुणीतरी वर जाऊन वाचेल, ही धास्ती दिवसभर होती. कुणी वाचलं नाही. तेव्हाही वाचलं नव्हतं.

२४ मार्च

आबासाहेबांनी महिपतीला चार लोकांत झापलं. परत क्रेन दारात दिसता कामा नये म्हणाले. तो मला स्टँडजवळ चहाच्या टपरीवर भेटला. चार-पाच दिवसांत माणूस उतरून गेला आहे. "सर, मला काय ठावं गाडी कशाची केलेली असती? माझ्या क्रेनखाली आजवर ट्रकच आलेत. तुमी तर शेजारीच हुता, तुमाला तरी अंदाज आला का?"

मी म्हणालो, होतं असं कधीकधी. चहा पाजला.

झाकण इंग्लंडहून यायला सहा महिने लागतील म्हणे. तोवर गाडी कोल्ड स्टोरेजच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. ऐकून बरं वाटलं. आता राजवर्धन पण चालवत नाही. लिहून टाकतो – बरं वाटलं.

२९ मार्च

राजवर्धन घरी आला. एकटाच, आबासाहेबांच्या जुन्या स्कूटरवर. गॉगल नाही. मला वाटलं रीलबद्दल काही बोलेल. ते त्याच्या ध्यानातही नसावं.

"महिपतीचं आबांशी मिटवलं," म्हणाला. "त्याचा काय दोष न्हाय. गाडी हाराखाली मीच थांबवली."

मी खुर्ची पुढे सरकवली. तो बसला.

"खरं सांगू का काका, माझं मन घेत न्हवतं. एवढं वजन वर लटकतंय. मी अलीकडंच थांबणार हुतो. तेवढ्यात क्रेनपाशी तुमी दिसला. शिकवताना तुमचा नियम हुता बघा – अडचणीची जागा आली की आधी माझ्याकडं बघायचं, मी मान हलवली तरच क्लच सोडायचा. ती सवय अजून जात न्हाय. तितं बी तुमच्याकडंच बघितलं. तुमी मान हलवली. मग गेलो पुढं."

हलवली होती. त्या दिवशी इथे लिहिलं नाही. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून हलवली होती आणि त्या क्षणी मला गाडीचं वजन, झाकणाची जाडी, सगळं आठवत होतं. आपोआप शिकलाय ना, मग बघू दे आपोआप – असं मनात आलं होतं. आणि हा माझ्याकडे बघत होता ते मिरवायला, असं मला वाटलं होतं. तो विचारत होता.

मग त्याने खरंच विचारलं. रागाने नाही. क्लासमध्ये चुकल्यावर विचारायचा तसं, खाली बघून. "काका, तुमाला माहीत हुतं का? झाकण एवढं बी सोसणार न्हाय म्हणून?"

अनिता पोह्यांची ताटली घेऊन दारातच थांबली.

पुढचं आज लिहवत नाही.

३० मार्च

म्हणालो, "न्हाय रे बाबा. मला कुठं एवढं कळतंय त्या गाड्यांतलं."

त्याला लगेच पटलं.