नाव तेच, फोल्डर नवं

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया
क्लासचे मोठे सर मुहूर्तावर अडून बसले. गेल्या वर्षी निकाल पडला, म्हणून नव्या बॅचला जुनं फोल्डर नको. “ते उडवा अन् कोरं करा. नाव तेच राहू द्या.” क्लासचे कॉम्प्युटर मीच बघतो. सर्व्हरवर उडवलं, त्याच नावाचं नवं केलं. सरांनी स्क्रीनला हळदकुंकू वाहिलं.
खाली लॅबमध्ये स्पेशल बॅचची निवड परीक्षा. बाकीची पोरं उठली होती, त्यांची उत्तरं मी आधीच बाजूला काढलेली. रेणापूरची सविता तेवढी राहिली होती. मशीन उशिरा चालू झालं म्हणून तिला जादा वेळ. तिची उत्तरं त्याच फोल्डरात जात होती, हे मला माहीत होतं. तरी.
पेढे घेऊन खाली गेलो तर म्हणाली, “सर, सेव्ह होईना.” दारातूनच म्हणालो, “होतंय, लिहीत राहा.”

२ मे
यादी लागली. सवितापुढे ‘गैरहजर’.
तिचं मशीन तपासलं. ‘स्टेल फाईल हँडल’ असा एरर, ओळीनं तोच. म्हणजे मशीननं जुनंच फोल्डर धरून ठेवलेलं, आणि ते तर मी उडवलेलं. भूकंपानंतर आमचं गाव त्याच नावानं दुसरीकडे वसलं, तरी बाबांचे पाय जुन्या जागेकडेच वळायचे. तिथं नुसते दगड. तसंच हे. उत्तरं कुठंच नाहीत, सगळं शोधलं.
उपाय काय, तर प्रत्येक मशीनवर जुनी जोडणी सोडायची, नवी करायची. फोल्डर उडवण्यासकट हे सगळं परीक्षा संपल्यावर शांतपणे करता आलं असतं. आज केलं. सर खूश, “बघा, आता कसं पळायलंय!” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ मे
सविता आली. “माझ्याच हातून काय चुकलं का सर? बटन तर दाबलं होतं मी.”
“बघतो,” म्हणालो. बघायचं काय राहिलं होतं? नालायक आहे मी. वर ती थँक्यू म्हणून गेली.

५ मे
सरांना सांगितलं. चूक माझी, तिची परीक्षा पुन्हा घ्या. सर फोनमधून वरही बघेनात. “एकीची घेतली की सगळे पालक दारात येतेत. तुमाला नोकरी करायची हाय का न्हाई?”
केबिनमधून बाहेर आलो. घरी जेवण गेलं नाही. बायकोला म्हटलं, ऊन लागलं.

७ मे
रेणापूरला गेलो. सविताचे वडील ओसरीवरच होते. सगळं सांगितलं. चिडले असते तर बरं झालं असतं.
“म्या पोरीला लई बोललो ओ सर. ध्यान न्हाई तुझं, म्हणलो. तवापासून धड जेवत न्हाई ती.”
पाण्याचा तांब्या तसाच त्यांच्या हातात. मग म्हणाले, “हे सरासमोर बोलताल का?”
“बोलतो. उद्या या.”

८ मे
आले आहेत. गेटपाशी उभे आहेत दोघं. परीक्षा आजच होणार असं सविताला वाटतंय. नवा ड्रेस, हातात पेन, कच्च्या कामाला कोरे कागद. मला बघून हसली.
सरांनी आधी मला एकट्यालाच केबिनमध्ये बोलावलंय.