शेजारच्या खोलीतली वाटी

सोमवार, ८ डिसेंबर
आज खर्च शून्य. हिशेबाच्या वहीचं पान कोरं सोडायचं जिवावर येतं, म्हणून हे लिहिते. आमच्या मुलाला, अल्पेशला, हायवेवरच्या नव्या पंचतारांकित हॉटेलात नोकरी लागली. हॉटेल उघडण्याआधी नोकरांच्या हाताला सवय व्हावी म्हणून त्यांच्याच घरच्यांना तीन दिवस फुकट ठेवतात. सून तेजस्वी बाळंतपणाला माहेरी, म्हणून मी, हे आणि नात खुशी असे तिघं गावाहून, चांदीपहून आलो. नववा मजला. गालिचा इतका मऊ, की ह्यांनी चपला काढून हातात घेतल्या. देवीचा फोटो आरशापुढे मांडला. निरांजन मात्र लावायचं नाही, धूर झाला की छतातून पाणी पडतं म्हणे. खुशी गादीवर उड्या मारून दमली.
संध्याकाळी आमच्या दारात काशाची वाटी, वर केळीचं पान, आत गरम खीर. शेजारच्या खोलीच्या दाराखाली उजेड होता. देवीला दाखवून तिघांनी खाल्ली. शेजार चांगला मिळाला.

मंगळवार, ९ डिसेंबर
भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही सासूबाईंची, धोंडूबाईंची, शिस्त. रिकामं भांडं दिलं म्हणजे आपल्या घरात काही उरलं नाही असं आपणच सांगितलं, म्हणायच्या. वाटी घासून घरचा चिवडा घातला, शेजारच्या दाराशी ठेवून बेल वाजवली. आत बांगड्या किणकिणल्या, पण दार उघडलं नाही. लाजत असेल बाई.
दुपारी वाटी परत आली ती पेढे भरून. मी शेव दिली. चहाच्या वेळेला पुन्हा आली, आता शिरा. मी चार लाडू दिले. हे म्हणाले, हॉटेलात येऊन पन तू शेजार काढलास, आता भिशी पन चालू कर. खुशीला हसून हसून उचकी लागली.

बुधवार, १० डिसेंबर
सकाळी वाटीत बासुंदी. आज निघायचं. पिशवीत एकच लाडू उरला होता, तो खुशीला वाटेत लागेल म्हणून राखला. चहाच्या ट्रेमधल्या साखरेच्या पुड्या होत्या, पण त्या मी घरी न्यायला बांधल्या होत्या. वाटी धुतली आणि शेजारच्या दाराशी रिकामीच ठेवली. वर दाराशी तोंड नेऊन म्हटलं, राग मानू नका हो, आमच्याकडे आता काही उरलं नाही.
बांगड्या थांबल्या.
अल्पेश बॅगा न्यायला आला. शेजारच्या बाईंना आमचा नमस्कार सांग म्हटलं, तर हसायलाच लागला. आई, अख्ख्या फ्लोअरवर तुम्हीच आहात, बाजूच्या रूमला तर अजून लाईट पण नाय. कुलूप काढून दाखवलं. सिमेंटच्या गोण्या. खिडकीला काच नाही. सगळ्यात वरच्या गोणीवर ती वाटी, पालथी.
मी खोटं बोलले. लाडू होता.

गुरुवार, ११ डिसेंबर. चांदीप
तांदळाचा डबा रिकामा. सोमवारी भरून ठेवला होता. हे म्हणतात उंदीर. उंदीर डबा पुसून ठेवत नाहीत.
देव्हाऱ्यात देव नाहीत. घराचं कुलूप जसंच्या तसं होतं.
गोठ्यात दावं आहे, गाय नाही.
लाडू शोधला, काल खुशीने खाल्लाच नव्हता. कागदावर तुपाचा डाग, बाकी काही नाही.
तेजस्वीच्या माहेरी फोन लावला. तिची आई म्हणाली, कोण तेजस्वी? आम्हाला मुलगी नाही.
अल्पेशला लावला. हा नंबर अस्तित्वात नाही.

शुक्रवार. सकाळ
वाटी उंबऱ्यावर. उताणी, रिकामी.
हे ती घेऊन हॉटेलकडे निघाले. त्या बाईंच्या पाया पडतो म्हणाले. मी वळून बघेपर्यंत —
चपला दारात आहेत. वाटी पण. हे नाहीत.

दुपार
काहीतरी घालून परत द्यायला हवी. काय घालू? सगळे डबे पुसलेले. मंगळसूत्रच वाटीत घालावं म्हणून गळ्याला हात लावला —
सासूबाईंच्या फोटोच्या जागी नुसता खिळा.
उरलो दोघी आणि ही वही. खुशी विचारते, आजी, आता वाटीत काय घालायचं? म्हटलं, काही नाही, तू माझा हात सोडू नको.
अंगणात बांगड्या.
ओरडून सांगितलं, मी खोटं बोलले होते, चुकले, आमच्याकडे अजून उरलंय, माझी खुशी उरली आहे —
हे काय बोलले मी. देवी, हे काय —
बांगड्या उंबऱ्याशी आल्या.
डाव्या हातात तिचा हात आहे. घट्ट धरलाय. उजव्याने लिहितेय. तिच्याकडे बघत नाही. हात आहे, गरम लागतोय, आहे — डावा हात हलका