पस्तीस शुक्रवार

कालुगा, ११ नोव्हेंबर २०२४. सकाळी पातळ बर्फ पडला. इस्पितळातून चालत घरी आले. डॉक्टर म्हणाले, नवं वर्ष दिसेल, वसंत नाही. दुपारी नोटरीबाई, दोन साक्षीदार आणि शेजारीण अग्निया आले.

मी, फाईना ल्वोव्ना बुर्दाकोवा, वय ७१, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ. खालचे शब्द माझे आहेत. ते लिहिताना माझं डोकं शाबूत आहे आणि मला कुणी भरीस घातलेलं नाही.

१. दोन खोल्यांचं हे घर आणि बँकेतली शिल्लक अग्निया सेम्योनोव्ना हिला, कलम चार पाळलं तरच. ती सध्या सुनेच्या स्वयंपाकघरात झोपते. बागेची अवजारं बिनशर्त तिचीच. खोऱ्याचा दांडा सैल आहे.

२. माझा देह अंतराळ-वैद्यक संस्थेला देऊ नये. मंगळाच्या वाटेवर माणसाचं काय होईल हे पाहायला त्यांनी आम्हा सहा जणांना आधी तीन महिने डोकं पायांपेक्षा खाली ठेवून निजवलं, मग वर्षभर तळघरातल्या बनावट यानात कोंडलं. तेव्हा विरळ झालेली माझी हाडं ते अजून दरवर्षी मोजतात. आता पुरे. मला जाळावं.

३. लोकरीच्या हातमोज्यांचे सात जोड माझ्याबरोबर जाळावेत. माझी आठ वर्षांची मुलगी उस्त्या तेव्हा माझा भाऊ ग्लेब याच्याकडे होती. प्रयोगाचा मुख्य डॉक्टर तोच. यानात आवाज येत नसे, दर शुक्रवारी फक्त टंकलेलं पत्र येई. यानातल्या एकशे अठराव्या दिवशी उस्त्या मेंदूज्वराने गेली. पुढची पस्तीस पत्रं ग्लेबने तिच्या नावाने लिहिली. दात पडला, गणितात पाचपैकी पाच मिळाले, हात मोठे झाले. मी प्रत्येक जोड आधीच्यापेक्षा थोडा मोठा विणत गेले.

वर्ष संपून यानाचं दार उघडल्यावर मी विचारलं, ती कुठे आहे. ग्लेब म्हणाला, "फाया, सांगितलं असतं तर तू दार उघडायला लावलं असतंस. खऱ्या प्रवासात दार उघडत नाही."

प्रयोगाच्या अहवालात माझ्या नावापुढे लिहिलं आहे : कामात घट नाही.

४. ग्लेब ल्वोविच, वय ७६, राहणार तोम्स्क, याला घर नाही, पैसा नाही. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. दर शुक्रवारी पत्र मात्र पाठवते. त्याला दुसरं कुणी नाही, त्या पत्रांवरच तो दिवस काढतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या मृत्यूची बातमी त्याला देऊ नये. पेटीत पस्तीस पत्रं लिहून ठेवली आहेत. अग्नियाने दर शुक्रवारी एक टाकावं. त्याची उत्तरं न उघडता जाळावीत. छत्तिसाव्या शुक्रवारी या कागदाची प्रत आणि मृत्यूचा दाखला पाठवावा.

हे वाचून दाखवल्यावर अग्निया म्हणाली, "अगं, म्हातारा झालाय तो. तब्येतीचं विचारत राहील, त्याचं काय?"

मी म्हटलं, "मीही विचारत होते."

ती थोडा वेळ भिंतींकडे पाहत राहिली. मग पेटीची किल्ली घेतली.

साक्षीदार : झिनोवी यार्त्सेव, खालचा मजला. प्लातोन गुसारोव, निवृत्त पोस्टमन.
नोटरी : रेगिना अल्बेर्तोव्ना शूबिना.
सही : फा. ल्वो. बुर्दाकोवा

माझ्या प्रतीवर नोंद : सगळे संध्याकाळी पाचला गेले. बाविसाव्या पत्राचं पाकीट चिकटवायचं म्हणून पेटीबाहेरच राहिलं होतं. एकविसाव्यात पाठ दुखते असं लिहिलं आहे. त्यात खाली एक ओळ वाढवली, 'आता पाठ बरी आहे', आणि पाकीट चिकटवलं.