चार एफ आणि एक बी

९ फेब्रुवारी

जुने एफ पुसले जात नाहीत!

पर्विसबाईंनी शांतपणे सांगितलं. माझ्यासारख्या उशिरा डॉक्टरकीच्या मागे लागलेल्यांना सल्ला देणं हे त्यांचं कॉलेजातलं काम. मी समजून चाललो होतो की नापास विषय पुन्हा देऊन पास झालं की जुना एफ जातो. कॉलेजच्या हिशेबात जातो. मेडिकलच्या अर्जात जुना एफ आणि नवा ए शेजारी शेजारी बसतात आणि दोन्ही मिळून सरासरी निघते.

"पण मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो."

"अर्जाला वय कळत नाही हो, वेंडेल."

११ फेब्रुवारी

एकाच सत्रात चार एफ. त्या वर्षी बाबांना एका घोडीनं लाथ घातली, खुबा मोडला. मी सत्राच्या मध्यातच सामान उचलून घरी आलो आणि त्यांची नालबंदीची गिऱ्हाइकं सांभाळली. तारखेच्या आत नाव काढून घेतलं की फक्त 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याची खूण लागते, सरासरीला धक्का बसत नाही — आमच्या घरात हे कुणाला ठाऊक? कॉलेजचं तोंड पाहणारा मीच पहिला. मला वाटलं, जायचं बंद केलं की संपलं. पुढे संध्याकाळच्या वर्गांतून पदवी काढली, चांगली काढली. तरी ते चार तिथेच आहेत. राग येतो, आणि तो काढायला कुणी सापडत नाही.

२६ फेब्रुवारी

मिसेस हेझलरिगकडे, त्यांच्या डचेस घोडीचे मागचे दोन नाल. म्हातारी कुंपणाला टेकून उभी.

"काय डॉक्टर, कुठवर आलं?"

"रसायनात अडकलोय."

"मी मरायच्या आत उरक म्हणजे झालं. दवाखान्यातल्या त्या नव्या पोराला मी काय सांगते ते ऐकूच येत नाही."

डचेसनं शेपटी माझ्या तोंडावर मारली.

१८ मार्च

सेंद्रिय रसायन, सत्राच्या मध्यातली परीक्षा: सी.

पर्विसबाई म्हणाल्या, शुक्रवार शेवटचा दिवस, नाव काढा. शेवटी सीच राहिला तर सरासरी चारपैकी तीनच्या खाली येईल, आणि तीनच्या खाली बरीच कॉलेजं अर्ज उघडूनही बघत नाहीत. पुढच्या वर्षी नव्यानं घ्या, म्हणे.

बायको, लोरेटा, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या कामावरून दमून आली होती. मक्याचा कॉर्नब्रेड मोडता मोडता तिचंही तेच. "घे तो डब्ल्यू. तेव्हा माहीत नव्हता म्हणून गेला. आता हातात देतायत तर लाथाडू नकोस."

"आणखी एक वर्ष जाईल."

"मी काय पळून चाललेय?"

शुक्रवार

नाव काढलं नाही.

कचेरीच्या दारापर्यंत गेलो होतो. मग वर्गाकडे वळलो. शौर्य वगैरे काही नाही. गेल्या आठवड्यापासून तो विषय डोक्यात शिरायला लागलाय, एवढंच. आणि मध्येच उठून जाणं एकदा करून झालंय.

जेवताना लोरेटाऐवजी भांडीच बोलली.

४ एप्रिल

भीती वाटते. लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही.

१३ मे

बी!

सरासरी तीनच्या जराशी वर. पर्विसबाई म्हणाल्या, "काठावर आहात. पण खाली एफ आणि वर ए — माणूस कुठून कुठे चाललाय, हेही बघतात काही जण." सगळे नाही, काही जण. लोरेटानं सफरचंद भरून गोड 'ॲपल पाय' भाजला. "बरं झालं माझं ऐकलं नाहीस," असं मात्र म्हणाली नाही, आणि म्हणणारही नाही.

६ जून

अर्ज गेला, एकदम बऱ्याच मेडिकल कॉलेजांना.

३० ऑगस्ट

आणखी एक नकार. भाषा फार गोड असते यांची.

२३ सप्टेंबर

एकाच कॉलेजनं मुलाखतीला बोलावलं. बाबांचा सूट, खांद्यात आखूड. समोर पिकल्या केसांच्या एक डॉक्टरीणबाई. पहिलाच प्रश्न त्या चार एफचा. खुब्याचं सांगितलं, कळवायचं असतं हे माहीत नव्हतं तेही सांगितलं. "आणि आता अवघड झालं की काय करता?" मग सी, शुक्रवार, कचेरीचं दार, सगळं बोलून गेलो. त्यांनी मान हलवली, पटलं की कंटाळल्या ते कळलं नाही.

उरलेला वेळ एकच विषय: घोडा लाथ मारणार हे आधी कसं ओळखायचं. कान, वजन कुठल्या पायावर आहे, श्वास. मी खुर्चीवरून उठून दाखवलं. लोरेटा गाडीत म्हणाली, "झालं. त्यांनी नालबंद पाहिला, डॉक्टर नाही."

१६ ऑक्टोबर

डचेसचा पाय गुडघ्यांत धरलेला, तोंडात खिळे, आणि कुंपणावर ठेवलेला माझा फोन वाजला. मिसेस हेझलरिगनी उचलला. बराच वेळ "हो, हो" करत राहिल्या. मग म्हणाल्या, "घेतलंय त्यांनी तुला. पाय सोडू नकोस, आधी एवढं पुरं कर."

डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. उरलेले खिळे हळूहळू ठोकले.