रुमालाखालची तारीख

खामगाव, कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

डोकं भणभणतंय. कापूस बाजाराच्या कमिटीचा चिटणीस कशाला झालो मी!

भाव रुमालाखाली बोटं धरून ठरवायचा की सगळ्यांसमोर बोलून, यावरून शेतकरी आणि अडते आज दुपारभर भांडले. शेतकऱ्यांचे पुढारी गणपतराव उंद्रीहून आले होते. ते गरजले, "आमच्या कापसाचा भाव आमालेच समजत नाही! जाळा तो रुमाल!"

अडत्यांचे हबीबशेठ म्हणाले, "बापजाद्यापासून चालून राह्यला. आताच काऊन बोचते तुमाले?"

दोघांच्या अक्षरशः हातापाया पडलो. शेवटी रुमाल बंद करायचं दोघांनी कबूल केलं. पण किती आठवड्यांनी? झालं, पुन्हा तेच रामायण.

मग हबीबशेठनी खांद्यावरचा रुमाल काढून गणपतरावांच्या हातावर टाकला. मला वाटलं, आता हे हात झटकतील. कसचं काय! रुमालाखाली बोटं हलली, दोघंही हसले. "जमलं!"

"किती आठवडे?" मी विचारलं.

गणपतरावच म्हणाले, "रुमालातली गोष्ट बाहेर सांगत नाहीत, भाऊ."

जाळायला निघालेला माणूस हा!

रुमालबंदीचा ठराव लिहून झालाय. दोघांच्या सह्याही आहेत. तारखेची जागा तेवढी कोरी आहे.